व्यवसाय मार्गदर्शन, शालेय : शिक्षकांची साधने व साहित्य

शालेय विद्यार्थ्यास स्वतःच्या क्षमतांची, अभिरुचींची व परिस्थितीची आणि त्याचबरोबर समाजातील निरनिराळ्या व्यवसायांची यथार्थ ओळख करून देऊन, पुढील शिक्षणाची व उपजीविकेची निवड त्याची त्यालाच करता यावी, यासाठी शाळेतून केले जाणारे पद्धतशीर साहाय्य म्हणजे शालेय व्यवसाय मार्गदर्शन होय. हे काम ज्या शिक्षकाकडे सोपविले जाते, त्यास व्यवसाय मार्गदर्शक शिक्षक किंवा, ब्रिटिश शाळांतील प्रघातास अनुसरून, ‘करिअर मास्टर’ म्हणतात. त्याच्या हाती असलेल्या साधनांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. विद्यार्थ्याची ओळख करून देणारी साधने, म्हणजे मानसशास्त्रीय कसोट्या, अभिरुची-सूची, संचित नोंदपत्रक, मुलाखत इ., हा पहिला वर्ग. व्यवसायाची ओळख करून देणारी साधने, म्हणजे व्यवसायांचे वर्गीकरण, माहितीपुस्तिका, तक्ते, कारखान्यांच्या भेटी, व्याख्याने इ., हा दुसरा वर्ग होय.

महाराष्ट्रातील शालेय मार्गदर्शनाच्या इतिहासात पहिल्या वर्गातील साधनांकडे अधिक लक्ष पुरविले गेले. दुसऱ्या वर्गातील साधने, विशेषतः ग्रामीण शाळांच्या उपयोगाची, त्या मानाने उपेक्षित राहिली. या असमतोलाचा परिणाम पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यासारख्या प्रदेशात स्पष्टपणे दिसून येतो. तेथे एका पिढीच्या अवधीत व्यवसायांचे स्वरूप पालटले आणि वडीलधाऱ्यांच्या अनुभवातून मुलांना मिळणारे मार्गदर्शन अपुरे पडू लागले. म्हणून प्रस्तुत नोंदीत साधनांच्या इतिहासाबरोबरच त्या तालुक्यातील सुदुंबरे या गावाच्या परिसराचा उदाहरणादाखल विचार केला आहे.

पूर्वपीठिका : परंपरागत ग्रामव्यवस्थेत व्यवसायाची निवड हा प्रश्नच संभवत नव्हता. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट आदी बलुतेदार आणि तेली, तांबोळी, साळी, शिंपी आदी अलुतेदार यांचे व्यवसाय जन्माने ठरत. मुलगा बापाच्या हाताखाली काम करता करता कसब शिके. घर हीच त्याची कार्यशाळा असे. तळेगाव दाभाडे, देहू आणि चाकण यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात वसलेल्या सुदुंबरे गावी सतराव्या शतकातील संत संताजी जगनाडे यांची समाधी आहे. ते मूळचे चाकणचे. तेलाचा घाणा हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. तुकारामांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी ते एक होत आणि तुकारामांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले, अशी वारकरी संप्रदायातील दृढ परंपरा आहे. स्वतः तुकारामांच्या घराण्यातही वाणीपणाचा व्यवसाय चालत आला होता. भक्तीच्या क्षेत्रात या संतांनी जन्मजात मर्यादा ओलांडल्या. तथापि गावगाड्यातील व्यवसायांची रचना पुढेही बहुतांशी तशीच राहिली.

या रचनेत कसब पिढ्यान्‌पिढ्या टिकून राही, हा तिचा गुण. व्यक्तीचा कल व कुवत यांना तिच्यात स्थान नव्हते, हा तिचा मूलगामी दोष होय. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, असे सुचविले. शिक्षक शेतकरी वर्गातून निवडावेत आणि प्रसंगी नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास त्यांनी कमीपणा मानू नये, असाही त्यांचा आग्रह होता. शिक्षकाला समाजातील श्रमाची प्रत्यक्ष ओळख असली पाहिजे, हा विचार येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडलेला दिसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ॲनिहिलेशन ऑफ कास्ट (१९३६) या ग्रंथात जातिसंस्थेच्या या अंगाची तात्त्विक चिकित्सा केली. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी आहे. ती व्यक्तीच्या क्षमतेवर वा पसंतीवर आधारलेली नसून आईबापांच्या सामाजिक दर्जावरून माणसाचे काम आगाऊ ठरवून टाकते, असे त्यांनी दाखवून दिले. व्यवसाय मार्गदर्शनाच्या कल्पनेमागील सामाजिक प्रश्न भारताच्या संदर्भात नेमका हाच आहे. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने कोणताही पेशा, व्यवसाय वा व्यापार करण्याचे स्वातंत्र्य नागरिकांना दिले. कायद्याने मिळालेले हे स्वातंत्र्य विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष उपयोगी कसे पडावे, हा शाळेपुढील प्रश्न होता.

औद्योगिक शिक्षणाचे काही प्रयत्न मावळात विसाव्या शतकाच्या आरंभीच झाले होते. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून, प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा या रीतीने उभारलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काच कारखाना सुरू झाला. काचकामाचे देशी कारागीर तयार करणे हाही त्याचा एक हेतू होता. याच गावी विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या समर्थ विद्यालयात राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग चालू होता. १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने ते विद्यालय बंद पाडले. हे प्रयत्न व्यवसाय शिकविण्याचे होते. विद्यार्थ्याने कोणता व्यवसाय निवडावा याचा शास्त्रीय विचार त्या वेळी पाश्चात्त्य देशांतही नुकताच सुरू झाला होता.

शास्त्रीय मार्गदर्शनाचा उदय : अमेरिकेतील बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स (१८५४–१९०८) याने १९०८ मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाची पहिली संस्था स्थापिली. त्याचा यासंबंधीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १९०९ मध्ये, प्रसिद्ध झाला. स्वतःची नेमकी ओळख, व्यवसायांच्या गरजांची व भवितव्याची नेमकी माहिती आणि या दोहोंचा विवेकाने घातलेला मेळ, अशी त्याने मार्गदर्शनाची त्रिसूत्री सांगितली. साधनांचे वर नमूद केलेले दोन वर्ग या त्रिसूत्रीतूनच निघतात. त्याच सुमारास फ्रान्समध्ये आल्फ्रेद बीने याने १९०५ मध्ये बुद्धिमापनाची कसोटी तयार केली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यभरतीसाठी सामूहिक कसोट्या वापरल्या गेल्या. त्यामुळे एकाच वेळी अनेकांचे मापन करण्याचे तंत्र रूढ झाले आणि ते शाळांपर्यंत पोहोचले.

यानंतरच्या काळात कसोट्यांचे विविध प्रकार निर्माण झाले. ई. के. स्ट्राँग याची अभिरुची-सूची १९२७ मध्ये निघाली. एखाद्या व्यवसायात स्थिरावलेल्या लोकांच्या आवडीनिवडींशी विद्यार्थ्याच्या आवडीनिवडी किती जुळतात, हे तीवरून काढले जाते. १९४७ मधील भेददर्शक अभिक्षमता कसोटीमालिकेत शाब्दिक तर्क, अंकक्षमता, अमूर्त तर्क, अवकाशसंबंध, यांत्रिक तर्क, कारकुनी वेग व अचूकता इ. आठ उपकसोट्या होत्या. इंग्लंडमध्ये १९२१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय औद्योगिक मानसशास्त्र संस्थेने मुलाखतीला अधिक महत्त्व दिले. ॲलेक रॉजर याची सप्तसूत्री योजना (१९५२) या विचारातूनच पुढे आली. शरीरप्रकृती, शिक्षण व अनुभव, सर्वसाधारण बुद्धी, विशेष क्षमता, अभिरुची, स्वभाव आणि परिस्थिती या सात बाबींची नोंद घेण्याची ही पद्धत कोणत्याही उपकरणाशिवाय वापरता येत असल्यामुळे शिक्षकांना विशेष सोयीची ठरली.

भारतातील व महाराष्ट्रातील प्रारंभ : भारतात कलकत्ता विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात १९३८ मध्ये या विषयाच्या कामास सुरुवात झाली. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांची खाजगी मार्गदर्शन संस्था आणि १९४७ मध्ये पारशी पंचायतीचे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात अलाहाबाद येथे शासकीय मानसशास्त्र केंद्र स्थापन झाले. युद्धोत्तर शिक्षणविकासासंबंधीच्या सार्जंट अहवालाने (१९४४) शिक्षणव्यवस्थेला जोडून सेवायोजन केंद्रे असावीत, असे सुचविले होते. मुंबई शासनाने १९५० मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचे स्वतंत्र कार्यालय उघडले; पुढे त्याचे रूपांतर व्यवसाय मार्गदर्शन संस्थेत झाले. कसोट्या तयार करणे, व्यवसायविषयक माहिती प्रसिद्ध करणे आणि माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षणवर्ग चालविणे ही तिची प्रमुख कामे होती. शिक्षकांचे अल्पमुदतीचे वर्ग आणि पदविका अभ्यासक्रम यांतून मराठी शाळांना पहिले प्रशिक्षित मार्गदर्शक मिळाले.

मुदलियार आयोगाने (१९५२–५३) माध्यमिक शाळांना प्रशिक्षित मार्गदर्शन अधिकारी व व्यवसाय शिक्षक यांचा लाभ क्रमाक्रमाने मिळावा, निरनिराळ्या उद्योगांची माहिती देणारे चित्रपट तयार करावेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीची पद्धतशीर नोंद ठेवावी, अशा शिफारशी केल्या. १९५४ मध्ये दिल्ली येथे केंद्रीय शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शन केंद्र सुरू झाले आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९५६–६१) केंद्राच्या साहाय्याने राज्याराज्यांतून अशा प्रकारच्या कार्यालयांचा विस्तार झाला. सेवायोजन कार्यालयांतूनही १९५७ पासून व्यवसाय मार्गदर्शनाचे विभाग उघडण्यात आले. अशा रीतीने शिक्षण खाते आणि सेवायोजन खाते असे दोन प्रवाह निर्माण झाले. पहिल्याजवळ विद्यार्थी होते, तर दुसऱ्याजवळ नोकऱ्यांची माहिती. या दोहोंची सांगड शाळेच्या पातळीवर घालणे हे व्यवसाय शिक्षकाचे काम होते. परंतु ते त्याला बहुधा अध्यापनाच्या नेहमीच्या भारासह करावे लागे.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) मार्गदर्शन हे काही निवडक विद्यार्थ्यांसाठी नसून सर्वांसाठी आहे आणि त्याचा आरंभ प्राथमिक शाळेपासून झाला पाहिजे, असे प्रतिपादन केले. प्रत्येक शाळेला पूर्ण वेळ समुपदेशक देणे शक्य नसल्याने दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक नेमावा आणि सोप्या स्वरूपाचे काम शिक्षकांनी करावे, अशी व्यवहार्य योजना आयोगाने सुचविली. शिक्षकांच्या साधनांचा विचार करताना ही शिफारस महत्त्वाची ठरते. कारण कसोटीचा अर्थ लावणारा तज्ज्ञ फिरता असला, तरी मुलाला वर्षभर पाहणारा माणूस शिक्षकच असतो, हे तीत गृहीत धरलेले आहे.

विद्यार्थ्याची ओळख करून देणारी साधने : मराठी भाषक मुलांसाठी शास्त्रीय रीतीने प्रमाणित केलेली पहिली महत्त्वाची कसोटी म्हणजे व्ही. व्ही. कामत यांनी केलेले बीने कसोटीचे रूपांतर होय. धारवाड येथे काम करीत असताना त्यांनी १९३४ च्या सुमारास मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत ती सिद्ध केली आणि त्यासंबंधीचा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. ही कसोटी एका वेळी एकाच मुलास देता येत असल्याने वेळखाऊ होती. मात्र तिच्यामुळे परदेशी कसोटीचे केवळ भाषांतर पुरत नाही, येथील मुलांवर तिचे प्रमाणीकरण करावे लागते, ही दृष्टी रुजली. सी. एम्. भाटिया यांच्या कृतिकसोटीमालिकेने (१९५५) निरक्षर व अल्पशिक्षित मुलांच्या बुद्धिमापनाची सोय केली. तीत ठोकळ्यांची रचना, आकृतिरेखन, तात्कालिक स्मरण, चित्रजुळणी इ. पाच उपकसोट्या आहेत. एस्. चॅटर्जी यांनी केलेली अभिरुची-नोंद चित्रांवर आधारलेली असल्याने तिला भाषेचा अडसर कमी होता. पुणे येथे १९६२ मध्ये डॉ. वि. वि. पेंडसे यांनी स्थापिलेल्या ज्ञानप्रबोधिनी या संस्थेने बुद्धिमत्तेच्या विविध अंगांचे मापन करून त्यानुसार शिक्षण देण्याचे प्रयोग केले आणि मराठी भाषेतून मानसशास्त्रीय कसोट्यांच्या कामाला स्थैर्य दिले.

या साधनांच्या मर्यादा शिक्षकाने जाणणे आवश्यक असते. कसोटीतील गुणांना स्वतंत्र अर्थ नसतो. ज्या गटावर मानके ठरविली, त्या गटाच्या तुलनेतच तो लागतो. शहरी मुलांच्या मानकांवर ग्रामीण मुलाचा शततमक काढल्यास त्याची क्षमता कमी दिसण्याचा संभव असतो. प्रश्नांतील वस्तू, चित्रे व शब्द त्याच्या अनुभवाबाहेरचे असले, की हा दोष वाढतो. अभिरुची-सूचीबाबत तर आणखी एक अडचण आहे. जो व्यवसाय मुलाने पाहिलेला किंवा ऐकलेला नाही, त्याविषयी तो आवड वा नावड दाखवू शकत नाही. म्हणजेच सूचीत उमटणारी अभिरुची ही अंशतः परिचयाची मोजणी असते. कसोटी समाजातील समजुतींपासून अलिप्त नसते, याचेही उदाहरण स्ट्राँगच्या सूचीतच मिळते. १९३३ पासून स्त्रियांसाठी तिचा वेगळा नमुना होता. स्त्री-पुरुषांसाठी एकच नमुना करण्यात आला, तो १९७४ मध्ये. मुलींनी कोणते व्यवसाय करावेत याविषयीची पूर्वकल्पना अशा रीतीने साधनातच शिरलेली असू शकते.

या दृष्टीने संचित नोंदपत्रक हे शिक्षकाचे सर्वांत भरवशाचे साधन ठरते. विद्यार्थ्याची अनेक वर्षांची विषयवार प्रगती, उपस्थिती, आरोग्य, छंद, हस्तकौशल्य, घरची परिस्थिती आणि शिक्षकांची निरीक्षणे त्यात क्रमाने नोंदवावयाची असतात. एका दिवसाच्या कसोटीत न दिसणारी गोष्ट, उदा., मोडलेली सायकल किंवा पाण्याचा पंप दुरुस्त करण्याची हातोटी, अशा नोंदीतूनच पुढे येते. मात्र वर्षाअखेरीस एकाच बैठकीत सर्व रकाने भरले, तर या पत्रकाचा उपयोग उरत नाही.

व्यवसायाची ओळख करून देणारी साधने : व्यवसायांची संख्या मोठी आणि नावे संदिग्ध असल्याने त्यांचे वर्गीकरण ही पहिली गरज होती. केंद्रीय सेवायोजन व प्रशिक्षण महासंचालनालयाने १९५८ मध्ये राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण प्रसिद्ध केले. १९६८, २००४ व २०१५ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक व्यवसायात प्रत्यक्ष काय काम करावे लागते, याचे त्यात थोडक्यात वर्णन असते. महासंचालनालयाने निरनिराळ्या व्यवसायांवर व प्रशिक्षणाच्या सोयींवर माहितीपुस्तिकाही काढल्या. १९७६ पासून प्रकाशन विभागातर्फे निघू लागलेले रोजगार समाचार हे साप्ताहिक शिक्षकांना उपयुक्त ठरले. परंतु ते इंग्रजी, हिंदी व उर्दू या भाषांतून निघत असल्यामुळे मराठी माध्यमाच्या शाळेत त्यातील माहितीचे मराठीकरण शिक्षकासच करावे लागे.

शाळेत करावयाच्या उपक्रमांत व्यवसाय कोपरा (माहितीपत्रके, तक्ते व कात्रणे यांचा संग्रह), व्यवसाय सप्ताह, निरनिराळ्या व्यावसायिकांची व्याख्याने, कारखान्यांच्या व संस्थांच्या भेटी आणि पालकसभा यांचा समावेश होतो. या साधनांना खर्च अल्प लागतो. पण ती सतत अद्ययावत ठेवावी लागतात. प्रवेशाची पात्रता, वयोमर्यादा किंवा शुल्क यांची जुनी झालेली माहिती ही माहिती नसण्यापेक्षाही अधिक घातक असते, कारण तिच्यावर विसंबून विद्यार्थी एखादी मुदत किंवा संधी गमावतो.

दहावीचा टप्पा : महाराष्ट्रात १९७५ मध्ये दहा अधिक दोन या आकृतिबंधानुसार दहावीची शालान्त परीक्षा सुरू झाली आणि दहावीनंतरचा निर्णय मुलाच्या आयुष्यातील पहिला मोठा फाटा ठरला. कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांखेरीज तंत्रनिकेतनातील पदविका आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील अभ्यासक्रम हे पर्याय होते. १९७८-७९ पासून द्विलक्षी व्यवसाय अभ्यासक्रम आणि १९८८-८९ पासून किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम उच्च माध्यमिक स्तरावर आले. मध्यंतरी, १९८४ मध्ये, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संचालनालय स्थापन झाले होते. पर्याय वाढले, तशी त्यांतील भेद समजावून सांगण्याची जबाबदारीही वाढली. तंत्रनिकेतनाची पदविका व औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र यांतील अंतर, प्रमाणपत्रानंतर पदविकेकडे वळण्याची वाट, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात मिळणारे सविद्यावेतन प्रशिक्षण, या गोष्टी पालकांना ठाऊक नसत. परिणामी गुण अधिक मिळाल्यास विज्ञान आणि कमी मिळाल्यास कला, अशी केवळ गुणांवरून निवड करण्याची प्रवृत्ती बळावली. हस्तकौशल्याचे शिक्षण हे अनुत्तीर्णांसाठी असते, हा समजही तिच्यातूनच पक्का झाला.

ग्रामीण शाळेतील उपयोजन : सुदुंबरे परिसर : वरील साधनांची परीक्षा ग्रामीण शाळेतच होते. इंद्रायणीच्या खोऱ्यातील हा भाग पूर्वी भातशेतीचा. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्रातून प्रसारित झालेल्या ‘इंद्रायणी’ या वाणामुळे त्याला नवी ओळख मिळाली. दक्षिणेस पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर पिंपरी-चिंचवड व भोसरी भागांत यंत्र व वाहन उद्योगांची वाढ झाली. कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या चाकण येथे बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये आणि फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला. तळेगाव परिसरात हरितगृहांतील फुलशेती आली. खुद्द सुदुंबरे येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या वाहिनीचे मुख्यालय आहे. ज्या गावी समाधीच्या रूपाने घाण्यावरच्या पिढीजात व्यवसायाची आठवण जपली जाते, त्याच गावाच्या आसमंतात अशा रीतीने अनेक नवे व्यवसाय येऊन वसले आहेत. तथापि कारखान्याच्या कुंपणाआड चालणारे काम शेताच्या बांधावरून दिसते तसे दिसत नाही. शेतकरी कुटुंबातील मुलास कारखान्याचे फाटक परिचित असते; आतील जोडारी, वीजतंत्री, गुणवत्ता तपासनीस वा भांडारपाल यांची कामे अपरिचित राहतात.

आपत्ती प्रतिसाद दलाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार २००६ मध्ये हे दल उभारण्यात आले. गणवेशातील जवान नित्य नजरेसमोर असल्याने गावातील मुलामुलींना या कामाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे आणि अभिरुची-सूचीत ‘गणवेशधारी सेवा’ हे क्षेत्र वर येऊ शकते. परंतु या दलात केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील जवान प्रतिनियुक्तीवर घेतले जातात. म्हणून इच्छुकाने प्रथम केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल यांसारख्या एखाद्या दलात भरती होणे आवश्यक ठरते. ही एक गोष्ट शिक्षकास ठाऊक नसेल, तर अचूक निघालेली अभिरुचीही मुलाच्या उपयोगी पडत नाही. भरतीचे नियमही बदलत असतात. २०२२ च्या अग्निपथ योजनेने सैन्यदलांतील अधिकारी-स्तराखालील भरतीची रीत आणि सेवेचा काल बदलला. त्यापूर्वी छापलेली पुस्तिका त्या बाबतीत निरुपयोगी झाली.

उद्योगांच्या बाबतीतही हेच दिसते. तळेगाव येथील जनरल मोटर्सचा वाहन कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि तेथील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. पुढे २०२३ मध्ये तो घेण्याचा करार ह्युंदाई कंपनीने केला. शाळेत दाखल झालेला मुलगा दहावी होईपर्यंत जवळचा कारखाना उघडतो व बंदही पडतो, अशा परिस्थितीत विद्यार्थ्यास एखाद्या कारखान्यातील नोकरी सुचविणे पुरेसे नाही. एका ठिकाणचे काम सुटल्यास दुसरीकडे नेता येईल असे कौशल्य कोणते, हे त्याला दाखवावे लागते. जोडाऱ्याचा किंवा वीजतंत्रीचा दोन वर्षांचा आणि संधात्याचा (वेल्डरचा) एक वर्षाचा अभ्यासक्रम अशा प्रकारच्या कौशल्यांत मोडतो.

अशा शाळेसाठी सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे स्थानिक व्यवसायांची नोंदवही होय. सायकलने किंवा बसने रोज जाता-येता येईल एवढ्या टापूतील शेती, दुकाने, कार्यशाळा, कारखाने, दवाखाने, कार्यालये व शिक्षणसंस्था यांतील कामांची यादी विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावयाची. प्रत्येक कामाची वेळ, त्यातील शारीरिक श्रम व धोके, लागणारे शिक्षण, प्रवेशाची वाट, कंत्राटी वा कायम स्वरूप आणि बढतीची शक्यता या बाबी नोंदवावयाच्या. ते काम करणाऱ्या गावातील व्यक्तीस शाळेत बोलवावयाचे आणि दरवर्षी नोंदी ताज्या करावयाच्या, अशी तिची पद्धत असते. ही वही करताना मुलांचा व्यवसायांशी परिचय वाढतो आणि त्यामुळे पुढे दिल्या जाणाऱ्या अभिरुची-सूचीची विश्वसनीयताही वाढते. मुलींची नावे व मुलांची नावे अशी विभागणी न करता सर्व कामे सर्वांपुढे मांडता येतात, हा तिचा आणखी एक लाभ आहे. वहीतील नोंदी केवळ परिसरापुरत्या राहिल्यास मुलाची दृष्टीही तेवढीच सीमित होण्याचा धोका असतो. म्हणून राष्ट्रीय वर्गीकरण व माहितीपुस्तिका यांची जोड तिला आवश्यक असते.

संगणकीय साधने : एकविसाव्या शतकात मार्गदर्शनाची साधने संगणकावर व भ्रमणध्वनीवर आली. केंद्र शासनाचे राष्ट्रीय करिअर सेवा हे संकेतस्थळ जुलै २०१५ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्र शासनाने श्यामची आई फाउंडेशन या संस्थेच्या सहकार्याने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांची राज्यव्यापी कल चाचणी घेतली आणि पुढे काही वर्षे हा उपक्रम चालू राहिला. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञाने, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा या सात क्षेत्रांतील कल तीत पाहिला जाई. मराठी माध्यमाच्या ग्रामीण विद्यार्थ्यांपर्यंत एवढ्या व्यापक प्रमाणावर पोहोचलेले हे पहिलेच मानसशास्त्रीय साधन होय. केंद्रीय पातळीवर नववी-दहावीसाठी ‘तमन्ना’ ही अभिक्षमता कसोटी २०१९ मध्ये उपलब्ध करण्यात आली. २०२० मध्ये राज्यात नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘महाकरिअर’ हे संकेतस्थळ युनिसेफच्या साहाय्याने सुरू झाले. व्यवसाय, महाविद्यालये, प्रवेशपरीक्षा व शिष्यवृत्त्या यांची माहिती त्यावर एकत्र मिळण्याची सोय करण्यात आली.

या साधनांमुळे माहितीचा तुटवडा बराच कमी झाला. परंतु अहवालाचा अर्थ लावून देणाऱ्या माणसाची गरज कमी झाली नाही. कल तांत्रिक क्षेत्राकडे आहे, एवढे कळल्यावर जवळची प्रशिक्षण संस्था कोणती, तेथे जाण्या-येण्याची सोय काय, शुल्क कसे भरावे, घरच्यांची समजूत कशी घालावी, हे प्रश्न शिल्लकच राहतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना ठेवून, त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कसबी लोकांच्या हाताखाली काम करावे, अशी कल्पना मांडली आहे. गावगाड्यात जन्माने वाट्याला येणारी कामे येथे सर्व जातींच्या मुलामुलींनी परिचयासाठी व पसंतीसाठी हाताळावयाची आहेत, हा या योजनेतील महत्त्वाचा फरक होय.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील शालेय व्यवसाय मार्गदर्शनास १९५० पासूनची शासकीय परंपरा आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या कसोट्या, वर्गीकरणे व माहितीसंग्रह यांची वेळोवेळी निर्मिती झाली आहे. उणीव राहिली, ती ही साधने वापरणाऱ्या शिक्षकाच्या प्रशिक्षणात आणि त्याला मिळणाऱ्या वेळात. दहा शाळांमागे एका फिरत्या समुपदेशकाची कोठारी आयोगाची शिफारस सर्वत्र अंमलात आली असती, तर पुढील काळातील कसोट्यांचा व संकेतस्थळांचा लाभ अधिक खोलवर पोहोचला असता. वेळापत्रकात मार्गदर्शनासाठी निश्चित तासिका, संचित नोंदपत्रकाची खरी जपणूक आणि दरवर्षी ताजी होणारी स्थानिक व्यवसायांची नोंदवही, एवढ्या तीन गोष्टी लहान शाळेलाही साधण्याजोग्या आहेत. संविधानाने दिलेले व्यवसायस्वातंत्र्य सुदुंबऱ्यासारख्या गावातील मुलामुलींच्या दृष्टीने किती खरे ठरते, हे पुष्कळ अंशी या साध्या साधनांच्या नित्य वापरावर अवलंबून आहे.